कुंडल रोड ते किर्लोस्करवाडी

रेल्वेच्या नामावळीत ‘रोड’ हा शब्द एका खास अर्थाने येतो. ज्या गावाचे नाव स्थानकाला दिले आहे ते गाव तिथे नसून वाटेने काही अंतर चालून गेल्यावर लागेल, असे तो प्रवाशाला सांगतो. पुणे-मिरज मार्गावरील कुंडल रोड हे असेच एक स्थानक. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९० च्या सुमारास तिची पुणे-लोंढा ही मीटरगेज वाट पुरी झाली. त्या वाटेवरचे हे एक आडठिकाण. कुंडल हे औंध संस्थानातले गाव. संस्थानचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. भोवती ब्रिटिश मुलूख आणि मध्येच औंधचा एक तुकडा, अशी या परिसराची रचना होती. पुढच्या दोन्ही कथांच्या मुळाशी हा नकाशा आहे, असे आम्हांस वाटते.

पहिली कथा सर्वपरिचित आहे. बेळगावात नांगराचा कारखाना चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना नगरपालिकेच्या आदेशामुळे जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी वसाहतीचा आरंभ झाला. माळ निवडुंगाने भरलेला होता, सापांचा सुळसुळाट होता. जमेची बाजू एकच : रेल्वे. लोखंड आणि कोळसा यायचा तो गाडीने, नांगर जायचे तेही गाडीनेच. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला तो नांगर विकायचा, तर माल दूरवर पोचवणे जितके आवश्यक तितकेच शब्द पोचवणेही आवश्यक होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी थांबावे ते इथे. १९२० साली याच माळावरून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. आरंभी ती कारखान्याचे वार्तापत्र होती. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, यांनी तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक केले. त्यापाठोपाठ १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले, सनातनी वर्गाचा रोष या मासिकाने पत्करला, आणि तो त्याला मानवलाही. आमच्या नियतकालिकांचे इतिहास बहुधा पुणे-मुंबईच्या बैठकींपासून सुरू होतात. कोण कोणाच्या घरी जमत असे, कोणाचा कोणाशी वाद झाला, याची तपशीलवार नोंद त्यांत सापडते. परंतु ज्या ठिकाणी बैठकच नव्हती, सभागृह नव्हते, विद्यापीठ नव्हते, तिथून तीन महत्त्वाची मासिके महाराष्ट्रभर कशी गेली, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर संपादकाच्या प्रतिभेत आहे तितकेच टपालात आणि रेल्वेच्या मालडब्यातही आहे. ज्या व्यवस्थेने नांगर खेड्यात नेला तिच्याच आधारे ‘स्त्री’ही गेली. या मासिकांच्या भाषेतला रोखठोकपणा विक्रेत्याच्या भाषेतून आला असावा, अशी शंका आम्हांला वारंवार येते. (विक्रेत्याची भाषा म्हटली की आमच्याकडे नाके मुरडतात, पण नाके मुरडणाऱ्यांच्या मासिकांचे वर्गणीदार किती होते, तेही पाहावे.)

यथावकाश स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. ‘रोड’ गेला, आणि त्याबरोबर कुंडलही गेले. उद्योगाने गाव वसवले आणि गावाने फलक जिंकला, यात अन्याय्य असे काही नाही. वाडी फलाटालगत होती, कुंडल दूर. तरीही हा बदल आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही, कारण कुंडलाची स्वतःची कथा याच रुळांशी बांधलेली आहे.

१९४२ च्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र, जी. डी. बापू लाड इथलेच. ब्रिटिश पोलिसांच्या दृष्टीने संस्थानी हद्दींची ही गुंतागुंत त्रासदायक होती, आणि भूमिगतांना तीच सोयीची. ७ जून १९४३ रोजी तूफान सेनेच्या कार्यकर्त्यांनी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवली आणि तिच्यातून चाललेली सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली. दुष्काळाच्या स्मृतीतून आणि साम्राज्याच्या सोयीसाठी घातलेली ही वाट. तिच्यावरूनच साम्राज्याचा पगार जात होता, आणि तो कुठे अडवायचा हे तिच्या कडेला राहणाऱ्यांना नेमके ठाऊक होते.

किर्लोस्करांची चरित्रे आणि आत्मचरित्रे पुष्कळ आहेत. कारखान्याला आणि मासिकाला दप्तर असते. भूमिगत चळवळीला दप्तर ठेवून चालत नाही. तिचा इतिहास बराचसा वृद्धांच्या तोंडून गोळा करावा लागला, आणि सांगणारे आता जवळजवळ उरलेले नाहीत. कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र श्रीपती लाड हे शेणोलीच्या त्या तुकडीतले. ते २०२२ साली गेले.

शेणोलीला रुळांलगत त्या घटनेचे एक लहानसे स्मारक आहे. तिथून किर्लोस्करवाडीपर्यंत मध्ये भवानीनगर आणि ताकारी ही दोनच स्थानके लागतात.