ग्रंथपालाचा अभ्यास

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर हें गांव आहे. तेथून पश्चिमेस निघालें कीं कांहीं कोसांवर नगर जिल्ह्याची, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याची, हद्द लागते. आज या हद्दीचें महत्त्व दप्तरापुरतेंच उरलें आहे. दोन्ही बाजूंस तीच ज्वारी, तोच कापूस आणि तीच मराठी बोली. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथें दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे मुंबई इलाखा आणि अलीकडे निजामाचें हैदराबाद संस्थान. ग्रंथालयांच्या इतिहासांत या सीमेला मोठा अर्थ आहे.

नगर शहरांत सार्वजनिक वाचनालय १८३८ सालींच निघालें. अलीकडच्या बाजूस मात्र राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाचें माध्यमहि उर्दू. आणि १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘गस्ती निशाण ५३’ या हुकुमानें साधी सभा भरवावयाची तरी सरकारी परवानगी लागूं लागली. अशा स्थितींत मराठवाड्यांतील मराठी वाचनालयें उभीं राहिलीं तीं लोकांच्या वर्गणीवर आणि चार जिद्दी माणसांच्या खांद्यावर. मुंबई सरकारनें १९३९ सालीं न्यायशास्त्रज्ञ फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं ग्रंथालयसमिति नेमली, आणि राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट खेड्यापर्यंत पोंचणारी योजना तिनें आंखून दिली. पण उमापूरची वाट त्या योजनेंत नव्हती, कारण उमापूर त्या राज्यांतच नव्हतें.

पुढें काळ पालटला. हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ सालीं झाला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १ मे १९६८ पासून अमलांत आला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, वर्गाप्रमाणें अनुदान ठरलें, आणि ग्रंथपालाच्या प्रशिक्षणाचीहि सोय झाली. जें मागल्या पिढीला वर्गणीच्या फेरीशिवाय मिळत नव्हतें, त्याला कायद्याचा आधार मिळाला.

परंतु कायद्याच्या हाताला एक मर्यादा असते. तो कपाट देऊं शकतो. त्या कपाटांतील कोणतें पुस्तक कोणत्या वाचकाच्या हातीं द्यावें, हें ज्ञान देऊं शकत नाहीं. प्रशिक्षणाचा वर्ग कांहीं महिन्यांत संपतो आणि नोकरी तीस वर्षें चालते. मधल्या काळांत पुस्तकें बदलतात, परीक्षा बदलतात, शेतीचीं बियाणीं व औषधें बदलतात, आणि वाचकहि बदलतात. ग्रंथपाल मात्र वर्गांत मिळालेल्या शिदोरीवरच बसून राहिला, तर त्याचें रूपांतर किल्ल्या सांभाळणाऱ्या कारकुनांत होण्यास फारसा वेळ लागत नाहीं. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, वर्ग संपल्यावर ग्रंथपालानें स्वतःस कसें शिकवावें? या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत ठिकठिकाणीं विखुरलेलें आहे.

पहिलें उत्तर बडोद्याचें. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचे. १९०६ सालीं त्यांनीं आपल्या सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. शाळा सोडलेल्या मुलाच्या हातीं पुढें पुस्तक पडलें नाहीं, तर तो शिकलेलीं अक्षरें विसरतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचें स्वतंत्र खातें उघडलें. गांवकऱ्यांनीं जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच सरकारनें आणि तेवढीच प्रांत पंचायतीनें घालावी, अशी वांटणी ठरली. जेथें स्थायी ग्रंथालय नव्हतें, तेथें फिरत्या ग्रंथालयांच्या लांकडी पेट्या जाऊं लागल्या.

बॉर्डन यांनीं पुढल्याच वर्षीं ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. परंतु खेड्यांतील ग्रंथपालास वर्गासाठीं पुनःपुन्हा बडोद्यास येणें शक्य नव्हतें. अशा स्थितींत १९१२ सालीं बडोद्यास ‘लायब्ररी मिसेलनी’ नांवाचें नियतकालिक निघालें. त्यांत इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन भाग असत. दूरच्या गांवीं एकटा बसणारा ग्रंथपाल त्यावरून आपल्या धंद्यांत बाहेर काय चाललें आहे हें आपल्याच भाषेंत वाचूं शके. १९१३ सालीं बॉर्डन परत गेले. पण जनार्दन सखाराम कुडाळकर, मोतीभाई अमीन आदि मंडळींनीं काम पुढें चालविलें. बाहेरून आलेला शिक्षक जातो, लागलेलें वळण राहतें, याचा हा दाखला होय.

दुसरें उत्तर मद्रासचें. १९२४ च्या जानेवारींत मद्रास विद्यापीठानें शियाळी रामामृत रंगनाथन या गणिताच्या अध्यापकास आपला ग्रंथपाल नेमलें. वर्गांतील विद्यार्थ्यांची संवय झालेल्या या माणसास ग्रंथालयाच्या शांततेंत करमेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांनीं आपणांस पुन्हा शिकवण्याच्या कामावर धाडावें अशी विनंति केली. तोड अशी निघाली कीं, त्यांनीं प्रथम विलायतेस जाऊन हें शास्त्र शिकावें आणि त्यानंतरहि मन रमलें नाहीं तर परत जावें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत सेयर्स नांवाचे गुरु त्यांना लाभले. त्यांच्या सल्ल्यानें रंगनाथन यांनीं इंग्लंडांतील शंभराहून अधिक ग्रंथालयें हिंडून पाहिलीं. एके ठिकाणीं मुलांचा वाचनकक्ष, दुसऱ्या ठिकाणीं कामकऱ्यांसाठीं संध्याकाळची सोय, तिसऱ्या ठिकाणीं कपाटें वाचकांस मोकळीं. हें सारें पाहतां पाहतां पुस्तकांच्या शांत कोठारामागें वाचकांचा केवढा मोठा संसार उभा आहे, तें त्यांना दिसलें. लंडनच्या एका दुकानांत लोखंडी पट्ट्या जोडून नाना वस्तु बनविण्याचें ‘मेकॅनो’ हें खेळणें त्यांनीं पाहिलें, आणि सुटे भाग जोडून विषयाचा अंक बनविण्याची कल्पना त्यांना सुचली. परतीच्या बोटीवरील लहानशा ग्रंथसंग्रहावर त्यांनीं ती ताडून पाहिली, असें सांगतात. १९२५ सालीं ते परतले ते पुन्हा गणिताच्या वर्गाकडे न वळण्यासाठींच. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. पुस्तक वापरासाठीं असतें येथपासून आरंभ करून ग्रंथालय ही सदैव वाढणारी वस्तु आहे येथें ते थांबतात. या शेवटल्या नियमाचा अर्थ बहुधा पुस्तकांच्या संख्येपुरताच घेतला जातो. परंतु ग्रंथालय वाढत असतांना ग्रंथपाल वाढत नसेल, तर वाढलेल्या पुस्तकांचा ढीग होतो, ग्रंथालय होत नाहीं.

तिसरें उत्तर अगदीं घरचें, म्हणजे मराठीच. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी ग्रंथांची वर्गवार सूचि तयार केली. ती १९४४ सालीं प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० या काळाचा पुढील भाग १९६१ सालीं निघाला. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतून हिंडून, पुस्तक काढावें, मुखपृष्ठ पाहावें, ग्रंथकार, वर्ष, पृष्ठें, विषय टिपावा आणि पुढल्या पुस्तकाकडे वळावें, असें हें काम. यांत चमत्कार कोठेंहि नाहीं. रोजची टांचणें आहेत. पण त्या टांचणांवर आज मराठी ग्रंथांचा कोणताहि अभ्यासक उभा असतो.

या तिन्ही कथांत दिसणारीं माणसें मोठीं आहेत. परंतु त्यांच्या संवयी मोठ्या खर्चाच्या नाहींत. खेड्यांतील ग्रंथपालासहि त्या परवडतात, आणि म्हणूनच त्यांचा विचार करावयाचा.

पहिली संवय वाचनाची, पण पुस्तकाच्या वाचनाहून वेगळी. नवें आलेलें पुस्तक दाखल करतांना त्यावर केवळ शिक्का मारून तें फळीवर ठेवूं नये. प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि मधलें एखादें प्रकरण वाचावें. दहा-पंधरा मिनिटांचें हें काम. वर्षांत दोनशे पुस्तकें आलीं, तर दोनशे पुस्तकांची ओळख झाली. वाचकाला सारें पुस्तक वाचलेला ग्रंथपाल लागत नाहीं. पुस्तकांत काय आहे हें जाणणारा लागतो.

दुसरी संवय एका वहीची. वाचकानें विचारलेलें आणि त्या दिवशीं देतां न आलेलें जें जें असेल, तें तारखेसह त्या वहींत लिहावें. ठिबक सिंचनाचें पुस्तक, सातबारा कसा वाचावा याची माहिती, परिचारिकेच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यासक्रम, आजीस हवी असलेली मोठ्या टाइपाची पोथी. महिन्याच्या शेवटीं ती वही उघडली म्हणजे पुढील खरेदीची यादी आपोआप तयार होते, आणि ग्रंथपालाच्या स्वतःच्या ज्ञानांतील पोकळ्याहि तेथेंच दिसूं लागतात. दातेंच्या टांचणाप्रमाणें हेंहि टांचणच आहे. फरक इतकाच कीं, तें असलेल्या पुस्तकांचें होतें, हें नसलेल्यांचें आहे.

तिसरी संवय दुसऱ्याचें घर पाहण्याची. रंगनाथन यांना जें शंभर ग्रंथालयांनीं शिकविलें, तें जिल्ह्यांतील दोन-चार ग्रंथालयेंहि थोड्या प्रमाणांत शिकवूं शकतात. बाजाराच्या दिवशीं गेवराईस किंवा शेवगांवास गेलेल्या ग्रंथपालानें तासभर तेथील ग्रंथालयांत बसावें. तेथें मुलांचीं पुस्तकें कोणत्या उंचीवर ठेवलीं आहेत, फाटलेल्या पुस्तकांची डागडुजी कशी करतात, उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांचें काय करतात, हें पाहावें व आपलेंहि सांगावें. जी हद्द एके काळीं पुस्तकांच्या आड येत होती, ती ओलांडण्यास आतां कोणाची परवानगी लागत नाहीं.

चौथी संवय लिहिण्याची व सांगण्याची. स्वतः शिकलेलें दुसऱ्यास समजावून सांगितल्यावांचून पक्कें होत नाहीं. महिन्यांतून एक पानभर नव्या पुस्तकांची ओळख लिहून ती दाराशीं लावावी, किंवा शाळेंत जाऊन मुलांना वाचून दाखवावी. बडोद्याच्या त्या नियतकालिकाचें मर्म हेंच होतें कीं, एका ग्रंथपालाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोंचावा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लहान ग्रंथालयाचें अनुदान तुटपुंजें, ग्रंथपालाचें मानधन त्याहून तुटपुंजें. त्यानें हा अभ्यास कोणत्या बळावर करावा? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि अभ्यासाचें नांव घेऊन वेतनाचा प्रश्न झांकणें हा अन्याय होईल. चांगल्या ग्रंथपालास चांगलें वेतन मिळालें पाहिजे, हें समाजाचें देणें आहे. परंतु सीमेच्या अलीकडे ज्यांनीं परक्या राजवटींत वर्गणीच्या पैशांवर मराठी वाचनालयें चालविलीं, त्यांना मानधन कसलेंच नव्हतें. त्यांच्यापाशीं होती ती एक जाणीव, कीं गांवांतील एखाद्या मुलाला दुसरीकडे कोठेंहि पुस्तक मिळणार नाहीं.

ती जाणीव आजहि जुनी झालेली नाहीं. दूरध्वनीच्या पडद्यावर आज हवें तें व नको तेंहि मिळतें. त्यांतून निवडावें कसें, हें मात्र कोणी तरी शिकवावें लागतें. पावसाळ्याच्या एखाद्या दुपारीं गांवांतील मुलगी ग्रंथालयाच्या दारांत येते, भीतभीत एका पुस्तकाचें नांव विचारते. त्या वेळीं समोरच्या माणसानें मान न उचलतां ‘नाहीं’ म्हटलें, तर ती बहुधा पुन्हा येत नाहीं. त्यानें वही उघडून नांव लिहून घेतलें, त्या विषयाचें दुसरें एखादें पुस्तक काढून दिलें, आणि आठ दिवसांनीं येण्यास सांगितलें, तर ती येते, आणि येतांना मैत्रिणीसहि घेऊन येते. १८३८ पासून नगरला जें मिळत होतें तें हद्दीच्या अलीकडे पोंचण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. आतां तें त्या मुलीपर्यंत पोंचावयाचें उरलेलें अंतर एका मेजाच्या रुंदीएवढें आहे, आणि तें ग्रंथपालानेंच ओलांडावयाचें आहे.