दृश्ये, तांत्रिक आरेखनातील

त्रिमितीय वस्तूचा आकार व मापे सपाट पृष्ठावर दाखविण्यासाठी ठरावीक दिशेने काढलेल्या आकृतीस त्या वस्तूचे दृश्य म्हणतात. वस्तूवरील बिंदूंपासून चित्रप्रतलावर लंब टाकून मिळणारी समोरील, वरील व बाजूची दृश्ये ही नेहमीची दृश्ये होत. वस्तूची एखादी बाजू यांपैकी कोणत्याही प्रतलाशी समांतर नसेल, तर तिचा खरा आकार त्यांत उमटत नाही. त्यासाठी आरेखकाला दिशा स्वतः निवडून साहाय्यक दृश्य काढावे लागते. संगणकसाहाय्यित आरेखनातील (कॅडमधील) स्वेच्छ दृश्य हे याच साहाय्यक दृश्याचे विकसित रूप आहे.

ऐतिहासिक आढावा : दृश्याची निवड हेतूवर अवलंबून असते, याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आढळते. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) पडेगाव व दौलताबादवरून जाणारा रस्ता वेरूळच्या लेण्यांकडे जातो. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९४ मध्ये ही लेणी पाहिली. त्याच्यासाठी पुण्याचे चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट यांनी लेण्यांची चित्रे काढली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून टॉमस डॅन्येल याने २४ चित्रांचा संच १८०३ मध्ये प्रसिद्ध केला. वेल्सच्या रेखाटनांवरील ही चित्रे प्रामुख्याने यथादर्शी, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यास दिसतील तशी आहेत. यथादर्शनात दूरची वस्तू लहान होत असल्याने अशा चित्रावरून थेट माप घेता येत नाही.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७७३) याच्या काळातील मानले जाणारे कैलास लेणे डोंगर वरून खाली खोदून घडविलेले आहे. तीन बाजूंनी कड्याने वेढलेल्या प्रांगणात उभे राहून संपूर्ण मंदिर एका दृष्टिक्षेपात येत नाही. कड्याची उंची, प्रांगणाची खोली आणि मंदिराचे मजले यांचा परस्परसंबंध छेददृश्यातच स्पष्ट होतो. असे दृश्य कोणालाही प्रत्यक्ष दिसत नाही; वस्तू मनाने कापून ते रचावे लागते. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांचा लेण्यांविषयीचा ग्रंथ १८८० मध्ये आणि बर्जेस यांचा वेरूळविषयक अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील तलविन्यास व छेद यांमुळे लेण्यांचा मापनिष्ठ अभ्यास शक्य झाला.

मॅलेट वेरूळला गेला त्याच सुमारास यूरोपात प्रक्षेपणाला शास्त्रीय पाया मिळत होता. गास्पार माँझ (१७४६–१८१८) या फ्रेंच गणितज्ञाने आधी लष्करी गुपित म्हणून राखलेली आपली वर्णनात्मक भूमिती १७९५ मध्ये व्याख्यानांतून मांडली. दोन परस्परलंब प्रतलांवरील दृश्यांवरून तिसऱ्या प्रतलावरील दृश्य रचण्याची रीत तीतून मिळते. विल्यम फॅरिश या इंग्रज प्राध्यापकाने १८२२ मध्ये समपरिमाणी दृश्याची पद्धत प्रसिद्ध केली. भारतात अभियांत्रिकी आरेखनाची पहिली मानक संहिता १९५५ मध्ये निघाली; शाळा-महाविद्यालयांसाठीचे एसपी ४६ हे प्रकाशन १९८८ मध्ये आले.

संगणकावरील दृश्ये : आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत स्केचपॅड ही प्रणाली तयार केली. तेथेच टिमोथी जॉन्सन यांनी तिचे त्रिमितीय रूप सिद्ध केले. त्यात तीन लंबदृश्ये व एक यथादर्शी दृश्य पडद्यावर एकाच वेळी दिसत. पुढे क्रम उलटला. पूर्वी दृश्यांवरून वस्तूची कल्पना करीत. आता आधी त्रिमितीय प्रतिमान रचतात व त्यावरून दृश्ये काढतात.

स्वेच्छ दृश्य ठरविण्यास दोन गोष्टी लागतात : पाहण्याची दिशा आणि कागदावर 'वर' कोणती बाजू येणार ते. पहिलीसाठी प्रतिमानाचा एखादा सपाट पृष्ठभाग व दुसरीसाठी एखादी कडा निवडतात. ही स्थिती नाव देऊन साठविली की, ती आरेखनपत्रावर हव्या त्या प्रमाणात मांडता येते. दृश्य प्रतिमानाशी जोडलेले असल्याने प्रतिमान बदलून आरेखन अद्ययावत केले की दृश्यही बदलते.

प्रतिमान नुसते हाताने फिरवून नजरेने दिशा ठरविल्यास मात्र फसगत होते. आडव्या प्रतलाशी ३०° कोन करणारी ८० मिमी. लांबीची कड वरील दृश्यात सु. ६९.३ मिमी. दिसते, दिशा थोडी चुकलेल्या स्वेच्छ दृश्यातही तिची लांबी कमीच भरते. तिरप्या पृष्ठभागावरील वर्तुळाकार छिद्र लंबवर्तुळ दिसते. समपरिमाणी प्रक्षेपणात अक्षांना समांतर असलेली १०० मिमी. कड सु. ८१.६ मिमी. होते. दृश्यातील आकडा खरे माप आहे की प्रक्षेपित, हे आरेखकाने तपासलेच पाहिजे. अन्यथा कारागीर कागदाबरहुकूम काम करूनही भाग बाद ठरतो.

छत्रपती संभाजीनगर परिसरात या विद्येला विशेष महत्त्व आहे. तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात १९८५ पासून उत्पादन होऊ लागले आणि वाहनांचे सुटे भाग करणारे अनेक उद्योग परिसरात वाढले. चिकलठाणा येथील इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र शासनाची संस्था साचे व हत्यारे यांचे अभिकल्पन शिकविते. साच्यांतील पृष्ठभाग बहुधा तिरपे व वक्र असतात. त्यामुळे केवळ तीन ठरावीक दृश्यांवर त्यांचे काम भागत नाही. यंत्र साधन थेट प्रतिमानावरून चालविले, तरी तपासणीसाठी मापांकित दृश्य लागते. ते कोणत्या दिशेने काढावे, हा निर्णय आरेखकाचाच असतो.