मुशीत हरवलेला रुपया

जीर्णोद्धाराच्या प्रसंगी देवाचा मुखवटा, प्रभावळ वा पादुका चांदीच्या घडविण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. त्यासाठी भाविक घरोघरी जपलेले राणीछाप व राजाछाप रुपये श्रद्धेने अर्पण करतात. हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी. सोनाराच्या काट्यावर असे सगळे रुपये सारखेच.

इतिहासाच्या काट्यावर मात्र ते सारखे नसतात. सहाव्या जॉर्जच्या कारकिर्दीतील १९३८ सालचा रुपया आजही सापडतो. १९३९ सालचा, मुंबईच्या टांकसाळीचा रुपया अत्यंत दुर्मिळ आहे. १९४० साली महायुद्धाच्या धामधुमीत रुपयातील चांदी निम्म्यावर आली. तेव्हा लोकांनी जुना चोख रुपया गाठीला बांधला. पुढे तो चलनातून बाद झाला आणि मोडीच्या भावाने मुशीत जाऊ लागला. चेहरा तोच, वजन तेच, फरक केवळ एका आकड्याचा! अशा ढिगात १९३९ चा रुपया आला, तर तो अजाणता वितळून जावा यात नवल नाही.

यात दोष सोनाराचा नाही, दात्याचाही नाही. परंतु मुशीतून चांदी परत मिळते, साल परत मिळत नाही. म्हणून भट्टी पेटविण्यापूर्वी प्रत्येक नाण्याची छाप व साल दात्याच्या नावापुढे वहीत नोंदवावे आणि वेगळे दिसेल ते नाणे जाणकारास दाखवावे. त्याने प्रभावळीचे तेज तसूभरही उणे होणार नाही; उलट देवाच्या ठेव्याबरोबर गावाचा इतिहासही सुरक्षित राहील.