सातबाऱ्यावर नसलेली भाजी

मंडळी, गेल्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात एक ठाकर आजी फोडशीच्या जुड्या घेऊन बसली होती. शेजारी गाडी थांबली. बाईसाहेबांनी काच खाली करून विचारलं, "हे गवत कशासाठी?" आजी हसली नि म्हणाली, "खायला, बाई. तुमच्या बंगल्याच्या जागेवरच यायचं हे." मी तिथून निघालो, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे लिहितोय. थोडं मोठं झालंय, वाचा.

आपल्या मावळात पालेभाजीची दोन कॅलेंडरं होती. पहिलं पावसाचं. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा पावसात मेथी-कोथिंबीर पेरली तर कुजून जाते. मग जे आपोआप उगवतं तेच ताटात. आधी टाकळा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी. टाकळा कोवळा असेपर्यंतच खायचा. फोडशीचा खालचा पांढरा दांडा काढून टाकायचा. भारंगी उकडून तिचं कडू पाणी पिळून टाकायचं. आळूला चिंच किंवा आमसूल लागणारच, नाहीतर घसा खवखवतो. हे कुठल्या पुस्तकात वाचून कोणी शिकलं नाही. आईकडून, सासूकडून आलेलं ज्ञान आहे हे.

दुसरं कॅलेंडर भात कापल्यावरचं. खाचरात ओल असते. त्या ओलीवर हरभरा, मसूर, वाटाणा टाकायचा. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड जास्त फुटतं आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. एका कामात दोन कामं. उरलेली भाजी आमची आजी सुपात वाळवून गाडग्यात भरून ठेवायची. उन्हाळ्यात हिरवं काही नसलं की तीच कालवणाला. परसात सांडपाण्यावर आळू, कुंपणाला शेवगा, उकिरड्याजवळ माठ आणि चाकवत. विकत आणायची भाजी म्हणजे बटाटा!

हे किती जुनं असेल? ऋषिपंचमी आठवा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगर न लागलेलंच खायचं. नांगराआधीच्या जेवणाची ही आठवण असावी, असं मला तरी वाटतं. आणि गौरी आल्या की पहिला मान शेपू-भाकरीचा. देवीला पण पालेभाजीच लागते.

आता कागदावरचा इतिहास बघू. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि खंडाळा मुंबईकरांच्या हवा खाण्याची जागा झाली. त्यांच्यामागून वनस्पतींचे अभ्यासक आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर सांतापाव हे मूळचे स्पेनचे. त्यांनी खंडाळ्याचे डोंगर पालथे घातले आणि १९५३ साली इथल्या वनस्पतींवर अख्खा ग्रंथ छापला. आपल्या फोडशीच्या कुळातली सफेद मुसळी आहे ना, तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे. ते नाव देणाऱ्या दोघांपैकी एक हेच. म्हणजे शास्त्राने आपल्या डोंगराची नोंद घेतली.

सरकारी दप्तराने मात्र घेतली नाही. सातबाऱ्यावर भात लागतं. बांधावरचा कुर्डू कोण लिहिणार? वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ आज मावळची ओळख आहे, त्याचा अभिमान आहेच. पण त्याच खाचराच्या बांधावर घराची भाजी होती, ती कुठल्याच रकान्यात बसली नाही.

आणि जे रकान्यात नाही, ते गेलं तरी कुणाला कळत नाही. टाटांची धरणं झाली, १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली, खोरी पाण्याखाली गेली. नंतर पवना धरण आलं. मग एक्स्प्रेसवे, एमआयडीसी, फार्महाऊस. भूसंपादनात घर मोजतात, विहीर मोजतात, आंब्याची झाडं मोजतात. बाईने चार महिने फुकट खुडलेली भाजी कोणी मोजली? ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधात आपली माणसं एक्स्प्रेसवेवर उतरली आणि बऊरजवळ गोळीबारात तिघांचा जीव गेला. तो लढा पाण्याचा होता. शेताचा, परसाचा, ताटाचा पण होता.

गंमत बघा, ९ ऑगस्ट हाच जागतिक आदिवासी दिन. गेली काही वर्षं त्याच सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. चांगली गोष्ट आहे, मी दरवेळी बातमी करतो. पण स्टॉलवर कौतुक होतं त्या भाजीचं रान तारेच्या कुंपणाआड चाललंय. राहिलेल्या बांधांवर आपणच तणनाशक मारतोय. दोष फक्त बाहेरच्यांना देऊन चालणार नाही.

मग करायचं काय? एक साधं काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. येत्या ग्रामसभेत उठून विचारा, आपली नोंदवही कुठे आहे? ती उघडून बघा. त्यात आपल्या गावच्या भाज्या, गावच्या नावाने, कुठल्या माळावर नि कुठल्या बांधावर येतात त्यासकट आहेत का? नसतील तर गावातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी आज्यांना सन्मानाने बोलावून लिहून घ्या. सातबाऱ्यावर नाही तर नाही, निदान एका सरकारी वहीत तरी लागू द्या.

आणि हो, ओळख पटल्याशिवाय कुठलाही पाला तोडून शिजवू नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा.

तुमच्या घरी पावसाळ्यात कुठली भाजी व्हायची आणि ती आता कुठे मिळते? गावाच्या नावासकट खाली लिहा. मी यादी करतोय.