एकांडा शिलेदार : फ्रीलान्सरच्या संज्ञांचा घोडदळी इतिहास

१/
ॲडव्हान्स, रिटेनर, ओव्हरहेड, क्रेडिट पीरियड, ब्रँड, कमिशन. नोकरी न धरता स्वतंत्रपणे काम करू पाहणाऱ्याची पहिल्या काही महिन्यांतच या संज्ञांशी गाठ पडते. त्या आधुनिक कार्यालयांत जन्मल्या, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु त्यांमागील व्यवहार कित्येक शतके जुने आहेत आणि त्यांपैकी बरेचसे घोडदळाच्या हिशेबांत पाहावयास मिळतात. या धाग्यात त्या एकेक करून पाहू. प्रत्येकीला प्रश्न मात्र एकच विचारू : नुकसान झाले, तर ते कोणाच्या पदरी?

२/
‘फ्रीलान्स’ या शब्दापासूनच आरंभ करू. सर वॉल्टर स्कॉट यांची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यातील द ब्रेसी हा भाडोत्री स्वारांचा नायक आपल्या पथकाला ‘फ्री लान्सेस’ म्हणतो. लान्स म्हणजे घोडेस्वाराचा लांब भाला. कोणत्याही एका धन्याशी कायमचा न बांधलेला, तो मुक्त भाला. हा शब्द स्कॉटमुळे रूढ झाला आणि पुढे लेखक-पत्रकारांनाही लागू झाला. येथे ‘फ्री’चा अर्थ बंधमुक्त असा आहे, फुकट असा नव्हे. काही ग्राहकांना हा भेद दोनशे वर्षांनंतरही समजावून सांगावा लागतो.

३/
मराठीत या कल्पनेसाठी उसना शब्द आणण्याची गरजच नव्हती. मराठा घोडदळात स्वारांचे दोन मुख्य वर्ग होते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. फारसीत ‘सिलाहदार’ म्हणजे शस्त्रधारी, त्यावरून शिलेदार. शिलेदारांत पुन्हा दोन प्रकार. कोणी पथक बाळगून येत, तर कोणी एकट्याने, केवळ आपल्या घोड्याच्या आणि मनगटाच्या भरवशावर. तो एकांडा. ‘एकांडा शिलेदार’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. तो मूळचा लष्करी नोंदवहीतला आहे, याचा मात्र विसर पडला आहे.

४/
पहिली संज्ञा : ओव्हरहेड, म्हणजे कामामागचा न दिसणारा खर्च. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. शिवछत्रपतींच्या पागेची रचना तीत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा हे दोघे सरकारी खर्चात धरलेले. बारगिराच्या पगारात हा खर्च दिसत नाही, कारण तो त्याने करावयाचाच नसतो. शिलेदाराला दाणा, वैरण, नाल, खोगीर, मोतद्दार हे सारे आपल्या कमाईतून भागवावे लागे. म्हणून त्याची नेमणूक बारगिरापेक्षा अधिक असे.

५/
पगार आणि दर यांत हाच फरक आहे. शिलेदाराची नेमणूक मोठी दिसे; परंतु तिचा एक भाग घोडा खाई. आज घरी बसून डिझाइन किंवा भाषांतर करणारा तरुण आपल्या दराची तुलना नोकरदार मित्राच्या पगाराशी करतो, तेव्हा तो शिलेदाराच्या नेमणुकीची तुलना बारगिराच्या पगाराशी करीत असतो. संगणक, वीज, सॉफ्टवेअर, आजारपण, काम नसलेले महिने : हा त्याचा घोडा. हे वजा केल्यावाचून दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

६/
मग राज्यकर्त्यांना कोण परवडे? सभासदाच्या वर्णनावरून शिवछत्रपतींचा कल पागेकडे स्पष्ट दिसतो. शिलेदार होते, परंतु त्यांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते, जेणेकरून कोणास बंड करण्याइतके बळ राहू नये. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याला निघून जाता येते, हे त्या धोरणात गृहीत होते. पेशवेकाळात चित्र पालटले. मोहिमा दूरच्या, फौजा मोठ्या, आणि एवढे घोडे विकत घेऊन पोसण्याइतके भांडवल सरकारापाशी नव्हते. शिलेदारांचे प्रमाण वाढले. फौज उभी करण्याचा भांडवली भार अशा रीतीने हजारो घरांवर वाटला गेला.

७/
दुसरी संज्ञा : कॉन्ट्रॅक्ट. यासाठी चौदाव्या-पंधराव्या शतकांतील इटलीकडे वळावे लागेल, कारण लष्करी चाकरीचे इतके काटेकोर लेखी करार क्वचितच कोठे आढळतात. फ्लॉरेन्स, मिलान, व्हेनिस ही नगरराज्ये भाडोत्री सेनानींशी जो करार करीत, त्याला ‘कोंदोत्ता’ म्हणत. त्यावरून सेनानी ‘कोंदोत्तिएरे’, म्हणजे शब्दशः करारदार. जॉन हॉकवुड हा इंग्रज त्यांतला प्रसिद्ध. तो १३९४ साली वारला. पाओलो उच्चेल्लोने १४३६ साली रंगविलेले त्याचे अश्वारूढ भित्तिचित्र फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये आजही आहे. एका कंत्राटदाराला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

८/
या करारांत स्वार ‘लान्स’मध्ये मोजत. एका लान्समध्ये सामान्यतः तीन माणसे : मुख्य स्वार, त्याचा साहाय्यक आणि एक पोरगा. किती लान्स आणावयाच्या, हे लिहिलेले असे. आजच्या भाषेत हा कामाचा ‘स्कोप’. किती महिने बांधील राहावयाचे, ती मुदत ‘फेर्मा’. मुदत संपल्यावर आणखी काही काळ ठेवून घ्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा हक्क पुष्कळदा मालकाकडे असे. शिवाय ‘इन अस्पेत्तो’ नावाचा एक प्रकार होता : युद्ध नसताना निम्म्या पगारावर सेनानीने उपलब्ध राहावयाचे. हेच आजचे रिटेनर. त्यात मोबदला कामाचा नसून वाट पाहण्याचा आहे, आणि वाट पाहण्यालाही किंमत असते, हे त्या व्यापारी नगरांनी ओळखले होते.

९/
तिसरी संज्ञा : ॲडव्हान्स. कोंदोत्तावर सही होताच ‘प्रेस्तान्त्सा’ मिळे. त्यातून घोडे घ्यावयाचे, माणसे जमवावयाची. आणि ती रक्कम पुढील पगारातून हप्त्याहप्त्याने वळती होई. मराठा फौजेत शिलेदारांना मोहिमेच्या तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिला ‘नालबंदी’ म्हणत. नावातच हेतू आहे : आधी घोड्याला नाल ठोका. पावसाळ्यात स्वार घरी, शेतीवर, दसऱ्याला सीमोल्लंघन. त्या चार महिन्यांत हात रिकामा झालेला असे. नालबंदी मिळाल्यावाचून तो निघू शकत नसे. आगाऊ रक्कम ही ग्राहकाची कृपा नाही, ती काम सुरू होण्याची अट आहे. मात्र ती हिशेबात वळती होणारच, हेही ध्यानात असावे.

१०/
चौथी संज्ञा : ब्रँड. मार्केटिंगमधला हा सर्वांत आवडता शब्द जळण्याच्या अर्थाच्या एका प्राचीन जर्मानिक धातूपासून आला आहे : तापलेल्या लोखंडाची खूण. आपल्याकडे हीच गोष्ट ‘दाग’ या नावाने चाले. अलाउद्दीन खलजीने घोड्यांना दाग देण्याची आणि स्वारांची वर्णने लिहून ठेवण्याची पद्धत घातली. अकबराने ती पुन्हा कडकपणे अमलात आणली. कारण उघड होते. हजिरीच्या दिवशी उसना घोडा दाखवून पगार घ्यावयाचा आणि मोहिमेला तट्टू आणावयाचे, ही चलाखी फार जुनी. म्हणजे ब्रँड ही आरंभी जाहिरात नव्हती. दाखविलेला माल आणि प्रत्यक्ष माल एकच आहे, याचा तो पुरावा होता.

११/
आज ज्याला आपण ब्रँड म्हणतो, त्यासाठी मराठीतला जुना शब्द ‘पत’ हा आहे. सावकाराच्या हुंडीवर परगावचा पेढीवाला रोख पैसे मोजून देई, तो केवळ नावाच्या पतीवर. आणि हुंडीतच पाचवी संज्ञा दडलेली आहे : क्रेडिट पीरियड. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे. मुदती हुंडीला ठरलेले दिवस लोटल्यावर. मुदत संपण्यापूर्वी पैसे हवे असतील, तर वटाव सोसावा लागे. काळ म्हणजे पैसा, हे येथे सुभाषित नसून वजाबाकी होती. बिलावर ‘तीस दिवसांत’ असे लिहून देणारा तितक्या दिवसांपुरता ग्राहकाचा सावकार होतो, तोही बिनव्याजी.

१२/
सहावी संज्ञा : थकबाकी. ग्राहक मोठा म्हणून पैसे वेळेवर येतील, असे नाही. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाची विवंचना पुनःपुन्हा येते. सरकारच कर्जात, तर शिलेदाराचा पगार कोठून वेळेवर येणार? थकलेल्या फौजेचे अखेरचे हत्यार म्हणजे धरणे. धनकोने ऋणकोच्या दाराशी उपाशी बसावयाचे, आणि रिवाजाप्रमाणे आतल्यानेही अन्न घ्यावयाचे नाही. टी. डी. ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. पगार थकलेल्यांची धरणी त्याने आपल्या पत्रांत वर्णिली आहेत.

१३/
पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेत ५०८ वे कलम आले. दैवी कोपाची भीती घालून एखाद्यास काही करावयास लावणे, हा त्यातील गुन्हा. आणि त्याचे पहिलेच उदाहरण दाराशी धरणे धरणाऱ्याचे आहे. वसुलीची ही जुनी वाट अशी गुन्ह्याच्या कक्षेत आली. दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला होता. परंतु तो दाव्याचा खर्च झेपणाऱ्यांचा. एकट्या माणसापाशी लेखी करार नसेल, तर त्याच्या हाती तगादा तेवढा उरतो.

१४/
सातवी संज्ञा : कमिशन. फौजेबरोबर पेंढारीही चालत. त्यांना नियमित पगार नसे. जी लूट हाती लागेल ती त्यांची, आणि तिच्यातला वाटा सरदाराला द्यावयाचा. त्या आकारणीस ‘पालपट्टी’ म्हणत. बारगिराचा घोडा सरकारचा आणि पगार निश्चित. शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि पगार करारापुरता. पेंढाऱ्याचे सारे स्वतःचे आणि पगार शून्य. या तीन पायऱ्या उतरताना धन्याचा धोका घटत जातो आणि स्वाराचा वाढत जातो. ‘आधी काम करा, विक्री झाली तर वाटा देऊ’ असा प्रस्ताव आला, तर आपण कितव्या पायरीवर उभे आहोत, हे ओळखावे.

१५/
आठवी संज्ञा : इन्डेम्निटी, म्हणजे नुकसानभरपाई. बारगिराचा घोडा लढाईत पडला, तर पाग दुसरा देई. शिलेदाराचा पडला, तर चाकरीचे साधनच गेले. शिलेदार लढाईत घोडा जपतो, ही तक्रार लष्करी लेखनात वारंवार आढळते. तिला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु तो हिशेब होता. इंग्लंडच्या राजांनी तेरा-चौदाव्या शतकांत यावर उपाय योजला होता. मोहिमेपूर्वी प्रत्येक घोड्याचा रंग व किंमत नोंदवीत आणि घोडा मेला, तर ती किंमत भरून देत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा मागे पडली.

१६/
शिलेदारीचा शेवट इंग्रजी अमलात झाला. १८५७ नंतर बंगाल आणि मुंबईकडील बहुतेक देशी रिसाले ‘सिल्लादार’ पद्धतीने चालत. जवान भरती होताना घोड्याची व सामानाची रक्कम भरी. रिसाल्यातील त्या जागेला ‘असामी’ म्हणत. घोडा मेल्यास नवा घेता यावा, म्हणून पगारातून ‘चंदा’ कापून सामाईक निधी ठेवीत. हा स्वारांनी स्वारांसाठी चालविलेला विमाच होता. शांततेच्या काळात तो पुरला. पहिल्या महायुद्धात घोडे आणि सामान ज्या वेगाने खर्ची पडले, तो वेग असा निधी सोसू शकला नाही. १९२१ च्या सुमारास ही पद्धत मोडीत काढण्यात आली आणि घोड्याचा भार सरकारने उचलला.

१७/
शिलेदारीत स्वातंत्र्य होते, प्रतिष्ठा होती आणि बरे दिवस असताना मिळकतही होती. म्हणूनच हा शब्द आपण आजही मानाने वापरतो. परंतु व्यवस्था कोसळण्याच्या क्षणी घोड्याची किंमत कोण भरतो, यावरच तिची परीक्षा होत आली. ॲडव्हान्स, मुदत, रिटेनर, भरपाई, सामाईक निधी : या साऱ्या संज्ञा त्या एका प्रश्नाची वेगवेगळ्या काळांत शोधलेली उत्तरे आहेत. पुढचा करार हाती येईल, तेव्हा दराच्या आकड्यापूर्वी एवढे शोधावे : यात माझा घोडा कोणता, आणि तो पडला तर काय लिहिले आहे?

१८/
आपल्या घरच्या जुन्या कागदांत शिलेदारी, नालबंदी, असामी किंवा हुंडी यांचा उल्लेख असेल, तर खाली जरूर नोंदवावा. मोडी वाचता येत नसली, तरी स्पष्ट छायाचित्र पुरे. जाणकारांच्या मदतीने वाचता येईल. असे कागद रद्दीत जाण्यापूर्वी नजरेखालून गेले पाहिजेत.