विद्याशाखेचे नियतकालिक आणि ज्ञानाची कक्षा : कोलंबियाच्या ‘पोलिटिकल सायन्स क्वार्टरली’चा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

लोकप्रशासन या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांची सुरुवात वुड्रो विल्सन यांच्या १८८७ सालच्या ‘द स्टडी ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ या निबंधाने होते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला हे साल पाठ असते. मात्र हा निबंध कोठे प्रसिद्ध झाला, ते नियतकालिक कोणी काढले आणि का काढले, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. तो निबंध कोलंबिया कॉलेजच्या राज्यशास्त्र विद्याशाखेने चालविलेल्या ‘पोलिटिकल सायन्स क्वार्टरली’ या त्रैमासिकाच्या जून १८८७ च्या अंकात छापला गेला होता.

विद्यापीठातील विभागांनी काढलेल्या नियतकालिकांचा इतिहास हा केवळ अंक, खंड आणि संपादकांच्या नावांचा इतिहास नसतो. कोणता विषय अभ्यासयोग्य मानावा, कोणता पुरावा ग्राह्य धरावा आणि कोणाला अभ्यासक म्हणावे, याचे निर्णय अशा नियतकालिकांतून होत असतात. प्रस्तुत लेखात या त्रैमासिकाच्या पहिल्या तीन-चार दशकांचा आढावा घेऊन विद्याशाखेच्या नियतकालिकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच मुळातून कशी निर्माण होते, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेत राज्यशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखेचे स्थान नव्हते. इतिहास, नीतिशास्त्र आणि कायदा यांच्या आधाराने तो शिकविला जाई. उच्च अध्ययनासाठी अनेक अमेरिकन विद्यार्थी जर्मनीला जात. जॉन डब्ल्यू. बर्जेस हे त्यांपैकीच एक होत. १८७१ ते १८७३ या काळात त्यांनी जर्मन विद्यापीठांत शिक्षण घेतले आणि १८७६ मध्ये ते कोलंबियात रुजू झाले. मूळ साधनांवर आधारलेले संशोधन आणि अध्यापक-विद्यार्थ्यांनी एकत्र बसून चालविलेले सेमिनार ही जर्मन पद्धती त्यांना आपल्या देशात रुजवायची होती. पॅरिस येथे १८७२ मध्ये सुरू झालेल्या राज्यशास्त्राच्या स्वतंत्र विद्यालयाचा आदर्शही त्यांच्यापुढे होता. त्यांच्या प्रयत्नाने १८८० मध्ये कोलंबियात ‘स्कूल ऑफ पोलिटिकल सायन्स’ सुरू झाले. त्याच वर्षी ‘ॲकॅडमी ऑफ पोलिटिकल सायन्स’ ही संस्थाही स्थापन झाली.

अध्यापनाची सोय झाली, तरी संशोधन प्रसिद्ध कोठे करावयाचे, हा प्रश्न उरला होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८८२ मध्ये इतिहास व राज्यशास्त्र यांची एक अभ्यासमाला सुरू केली होती. कोलंबियाने नियतकालिकाचा मार्ग स्वीकारला. मार्च १८८६ मध्ये ‘पोलिटिकल सायन्स क्वार्टरली’चा पहिला अंक बॉस्टनच्या जिन अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेमार्फत निघाला. त्यावर संपादक म्हणून एका व्यक्तीऐवजी संपूर्ण विद्याशाखेचा निर्देश होता. संपादनाची प्रत्यक्ष धुरा मनरो स्मिथ यांच्याकडे होती. त्याच वर्षी हार्वर्डचे अर्थशास्त्राचे त्रैमासिक सुरू झाले आणि पुढे शिकागो विद्यापीठातून १८९२ मध्ये अर्थशास्त्राचे व १८९५ मध्ये समाजशास्त्राचे नियतकालिक निघाले. अमेरिकेत समाजविज्ञाने नावारूपाला आली ती विद्यापीठांच्या अशा नियतकालिकांच्या आधाराने, असे म्हणावयास हरकत नाही.

नियतकालिकाचे स्वरूप

पहिल्याच अंकात मनरो स्मिथ यांनी राज्यशास्त्राच्या क्षेत्राची चर्चा करणारा प्रास्ताविक निबंध लिहिला, तर बर्जेस यांनी अमेरिकेतील घटक राज्ये आणि राष्ट्र यांच्यातील बदलत्या संबंधांचा विचार केला. राजकारण, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक कायदा यांचा ऐतिहासिक, सांख्यिकीय व तुलनात्मक अभ्यास असे या त्रैमासिकाचे घोषित क्षेत्र होते. आज ज्याला आंतरविद्याशाखीय म्हटले जाते, ते त्या काळी वेगळे नाव न घेता स्वाभाविकपणे चालत असे. लेखांबरोबर ग्रंथपरीक्षणांनाही त्यात जागा असे.

विल्सन यांचा निबंध या दृष्टीने उद्बोधक ठरतो. तो प्रसिद्ध झाला तेव्हा विल्सन कोलंबियाचे अध्यापक नव्हते. ते ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात शिकवीत होते. म्हणजे विद्याशाखेचे नियतकालिक बाहेरच्या तरुण लेखकालाही स्थान देत होते. राज्यकारभाराचा अभ्यास राज्यघटनेच्या अभ्यासापासून वेगळा करता येतो, हा विचार मांडण्यासाठी ज्या प्रकारच्या व्यासपीठाची गरज होती, ते या त्रैमासिकाने पुरविले. एका नव्या ज्ञानशाखेचा उगम त्याच्या पानांत सापडतो, हे त्याचे मोठेच श्रेय आहे.

विद्याशाखेने १८९१ पासून इतिहास, अर्थशास्त्र व सार्वजनिक कायदा या विषयांची एक ग्रंथमालाही सुरू केली. पीएच. डी.चे प्रबंध छापील स्वरूपात सादर करण्याचा त्या काळी नियम असल्याने अनेक प्रबंध या मालेतून प्रसिद्ध झाले. वर्ग, सेमिनार, त्रैमासिक आणि ग्रंथमाला अशी एक सलग साखळी त्यामुळे तयार झाली.

साखळीची दुसरी बाजू

ही साखळी जितकी कार्यक्षम होती तितकीच ती बंदिस्तही होती. शिकविणारे, प्रबंध तपासणारे, लेख निवडणारे आणि ग्रंथमाला चालविणारे एकाच वर्तुळातील होते. आजच्या अर्थाने बाह्य तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची पद्धत त्या काळी समाजविज्ञानांच्या नियतकालिकांत रूढ नव्हती. त्यामुळे वर्तुळातील गृहीतके प्रश्नांकित होण्याची शक्यता कमी होती. अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनाकाळाविषयीचे लेखन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला आणि दक्षिणेकडील राज्यांच्या विधिमंडळांत त्यांचे प्रतिनिधी बसले, तो हा काळ (१८६५–१८७७). कोलंबियाचे विल्यम ए. डनिंग हे या विषयाचे प्रमुख अभ्यासक होते. पुनर्रचनाकाळातील राज्यघटनेसंबंधीचा त्यांचा लेख १८८७ मध्ये याच त्रैमासिकात आला आणि १८९४ ते १९०३ या काळात ते त्याचे व्यवस्थापकीय संपादक होते. मूळ कागदपत्रांचा त्यांनी केलेला उपयोग त्या काळाच्या मानाने काटेकोर होता. तथापि कृष्णवर्णीय नागरिक राज्यकारभारास अपात्र होते आणि त्यांना मताधिकार देणे ही चूक होती, हे गृहीतक त्यांच्या आणि बर्जेस यांच्या मांडणीच्या मुळाशी होते. बर्जेस यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात ट्यूटॉनिक वंशाच्या राष्ट्रांनाच खरी राजकीय क्षमता लाभली असल्याचे प्रतिपादन केले होते आणि त्यावरून वसाहतींवरील सत्तेचेही समर्थन केले होते. भारतीय वाचकाने हा संदर्भ विसरता कामा नये.

डनिंग यांच्या मार्गदर्शनाखाली आणि प्रभावाखाली दक्षिणेतील एकेका राज्यावर प्रबंध लिहिले गेले. टेक्सास (१९१०), उत्तर कॅरोलिना (१९१४) आणि जॉर्जिया (१९१५) यांवरील अभ्यास विद्याशाखेच्याच ग्रंथमालेतून निघाले. इतिहासलेखनात ‘डनिंग संप्रदाय’ म्हणून ओळखला जाणारा हा विचार पुढे शालेय पाठ्यपुस्तकांत उतरला आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेणाऱ्यांना त्याने विद्वत्तेचा आधार दिला. पूर्वग्रह पदव्यांच्या आणि अंकांच्या मार्गाने कसा प्रमाणभूत होतो, हे येथे स्पष्ट दिसते.

याच त्रैमासिकात मतभेदाला जागा नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. चार्ल्स बिअर्ड यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकाराविषयीचा वादग्रस्त प्रश्न १९१२ मध्ये येथेच मांडला. पुढे युद्धकाळात सहकारी अध्यापकांना बडतर्फ केल्याच्या निषेधार्थ १९१७ मध्ये त्यांनी कोलंबियाचा राजीनामा दिला. बिअर्ड यांच्यासारखा टीकाकार विद्याशाखेच्या बैठकीतच बसलेला होता, म्हणून त्याची टीका अंकात येऊ शकली. त्या बैठकीत एकही कृष्णवर्णीय अध्यापक नव्हता. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, ते लिहिणाऱ्यांत आणि निवडणाऱ्यांत नव्हते. नियतकालिकाची खरी मर्यादा येथे होती.

बाहेरून आलेले उत्तर

त्यामुळे उत्तर अन्य व्यासपीठांवरून यावे लागले. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी पुनर्रचनाकाळाच्या लाभांविषयीचा निबंध ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या इतिहासकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियतकालिकात १९१० मध्ये प्रसिद्ध केला. सार्वजनिक शाळा आणि लोकशाही शासन ही त्या काळाची देणगी असल्याचे त्यांनी दाखविले. त्यानंतर १९१५ मध्ये कार्टर जी. वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि जानेवारी १९१६ मध्ये ‘जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’ सुरू केले. हार्वर्डची पीएच. डी. असलेले वुडसन त्या वेळी वॉशिंग्टनमधील एका माध्यमिक शाळेत शिकवीत होते. विद्यापीठाचे पाठबळ नसताना, पदरमोड करून त्यांनी हे नियतकालिक चालविले. त्यानंतर डुबॉइस यांचा पुनर्रचनाकाळावरील बृहद्ग्रंथ १९३५ मध्ये आला. त्याच्या अखेरीस त्यांनी कोलंबियातील इतिहासलेखनाची नाव घेऊन चिकित्सा केली. विद्यापीठीय प्रवाहात ही चिकित्सा पूर्णपणे स्वीकारली जाण्यास आणखी अनेक वर्षे लागली. पुनर्रचनाकाळाचा आज प्रमाणभूत मानला जाणारा १९८८ चा इतिहास कोलंबियाचेच प्राध्यापक एरिक फोनर यांनी लिहिला, हा योग लक्षणीय आहे.

डॉ. आंबेडकर आणि कोलंबिया

या इतिहासाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियाच्या याच विद्याशाखेत शिकत होते. त्यांचे मार्गदर्शक एडविन सेलिग्मन हे तिचे ज्येष्ठ सदस्य होते. जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्याविषयीही बाबासाहेबांनी १९३० मध्ये कृतज्ञता व्यक्त केली होती. मूळ साधनांचा शोध, आकडेवारीचा आधार आणि संस्थांचा तुलनात्मक अभ्यास ही या विद्याशाखेची शिस्त त्यांच्या लेखनात ठायी ठायी दिसते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने १९२५ मध्ये छापला आणि छापील प्रती सादर केल्यानंतर १९२७ मध्ये त्यांना पीएच. डी. प्रदान झाली.

जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध मे १९१६ मध्ये अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला गेला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये, तर शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवरील निबंध १९१८ मध्ये मुंबईच्या ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’मध्ये. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले. विद्वत्पत्रिका आणि वृत्तपत्र यांचे कार्य वेगळे असते, हे मान्य करूनही एक साम्य नोंदवावेसे वाटते. जेथे आपल्या प्रश्नांना जागा नाही तेथे स्वतःचे व्यासपीठ उभारण्याचा मार्ग वुडसन यांनी अमेरिकेत आणि बाबासाहेबांनी मुंबईत जवळपास एकाच काळात स्वीकारला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साधर्म्याचा उल्लेख केला आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर होत असलेल्या अर्जाची प्रत मागितली. डुबॉइस यांनी त्यास उत्तरही दिले.

आजचा संदर्भ आणि समारोप

अमेरिकन राज्यशास्त्र संघटना १९०३ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुखपत्र १९०६ मध्ये निघाले. त्यानंतर राज्यशास्त्रातील प्रमाण ठरविण्याचे काम एका विद्यापीठाकडून राष्ट्रीय संघटनेकडे सरकले. ‘पोलिटिकल सायन्स क्वार्टरली’ मात्र बंद पडले नाही. ॲकॅडमी ऑफ पोलिटिकल सायन्सच्या वतीने ते आजही निघते आणि २०२३ पासून त्याचे प्रकाशन ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे आहे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्रकाशनांना गुणांकाची जोड दिली. त्यानंतर महाविद्यालयांतून निघणाऱ्या नियतकालिकांची संख्या झपाट्याने वाढली. त्यावर नियंत्रण म्हणून आलेली ‘केअर’ सूची २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि नियतकालिकाचा दर्जा तपासण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर व अध्यापकांवर आली. अशा वेळी कोलंबियाच्या या त्रैमासिकाचा इतिहास दोन गोष्टी सांगतो. पहिली, विभागाचे नियतकालिक हे गुण मिळविण्याचे साधन नसून विषय घडविण्याचे साधन आहे. विल्सन यांचा निबंध त्याची साक्ष देतो. दुसरी, केवळ काटेकोर संशोधनपद्धतीने नियतकालिक निर्दोष ठरत नाही. डनिंग यांच्याकडे कागदपत्रे होती, पद्धती होती आणि पदही होते. त्यांना अडविणारा आवाज मात्र त्यांच्या संपादकीय वर्तुळात नव्हता.

म्हणून आपल्या विभागाचे नियतकालिक काढताना परीक्षकांची नावे आणि मानांकने यांच्याइतकाच आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. ज्या समाजघटकांविषयी आपल्या अंकांत लिहिले जाते, त्यांतील अभ्यासक आपल्या संपादक मंडळावर, परीक्षकांत आणि लेखकांत आहेत काय? ग्रामीण महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थिनीचे आपल्याच तालुक्यावरील संशोधन प्रस्थापित मताच्या विरोधात जात असेल, तर त्याला आपल्या अंकात जागा मिळेल काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हीच विद्याशाखेच्या नियतकालिकाची खरी कसोटी होय.