चुनाभट्टीची स्पर्धा आणि आगरी नायिका

मराठी विज्ञान परिषद 24 एप्रिल 1966 रोजी मुंबईत स्थापन झाली, ती विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत नेण्यासाठी. कथा हे त्याचे एक साधन. पण परिषदेने कथास्पर्धा सुरू केली आणि साधनालाच पाय फुटले. 1974 साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली, पहिली ठरली. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरे उलटी करून आलेले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा उतरवून दिली होती. 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली, आणि पोरांचे वाचन समजला जाणारा हा प्रकार मोठ्यांच्या पंगतीत बसला.

भाषा मात्र प्रयोगशाळेचीच राहिली. परिषदेला परिभाषा रुजवायची होती, त्यामुळे ते साहजिकच. नायक बहुधा शास्त्रज्ञ, बाई बहुधा चहा घेऊन येणारी. तिकडे उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक 1960 सालीच वऱ्हाडीत संसाराशी झुंजत होती. विज्ञानकथेची आणि अशा बोलीतल्या नायिकेची गाठ काही पडली नाही.

जमैकात जन्मलेल्या लेखिका नॅलो हॉपकिन्सनने ती घालून दिली. ‘मिडनाइट रॉबर’ (2000) या तिच्या कादंबरीत कॅरिबियन माणसे परग्रहावर वसतात आणि निवेदनसुद्धा त्यांच्याच बोलीत चालते. नायिका टॅन-टॅन कार्निव्हलमधल्या दरोडेखोर राणीचे सोंग अंगावर घेऊन जगते. ‘स्किन फोक’ (2001) या कथासंग्रहात रात्री कातडी उतरवून हिंडणारी बाई भेटते. आपल्याकडच्या हडळीला ती परकी वाटणार नाही.

आणि असा ऐवज आमच्या बदलापूर लोकलच्या मार्गावर रग्गड आहे. 1949 मध्ये निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले, तिथली सिंधी. अंबरनाथचे अकराव्या शतकातले शिवमंदिर आणि जवळून वाहणारी, कारखान्यांनी नासवलेली वालधुनी. बदलापूरच्या टॉवरांखाली गेलेली भातशेती. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ करत सासरच्यांना गप्प करणारी आगरी आजी तर गावोगाव आहे. वालधुनीच्या पाण्यात उद्या काय जन्मेल, हे तिच्याइतके ठसक्यात कोण सांगणार?

अशी कथा स्पर्धेत द्यायची, तर परिषदेचे विज्ञान भवन चुनाभट्टीला आहे. बदलापूरहून कुर्ल्याला उतरून हार्बर धरायची. आगरीतली कथा परीक्षकांना कळेल का, ही शंका मला फारशी पटत नाही. ‘धग’ पुण्या-मुंबईच्या वाचकांनीही अडखळत का होईना, वाचलीच की.